दैनंदिन लेखनाची फलश्रुती

१

मराठी पोथ्यांच्या अखेरीस फलश्रुती येते. ग्रंथाचे श्रवण आणि पठण करणाऱ्याला काय मिळेल, हे तीत सांगितलेले असते. क्वचित ग्रंथाची प्रत करून ती घरी ठेवणाऱ्यालाही पुण्याचा वाटा दिलेला असतो. मात्र ग्रंथ रचणाऱ्याला रचनेच्या क्रियेतून स्वतःसाठी काय लाभले, याविषयी फलश्रुती बहुधा मौन पाळते. रचनेचे श्रेय गुरुकृपेकडे जाते आणि तिचे फळ श्रोत्याकडे.

आधुनिक मराठी समीक्षेने हे मौन वेगळ्या कारणांसाठी पुढे चालवले आहे. साहित्यकृतीची स्वायत्तता मानणाऱ्या समीक्षेने लेखकाचे चरित्र बाजूला ठेवले. समाजशास्त्रीय समीक्षेने लेखक ज्या वर्गाचा, जातीचा आणि काळाचा प्रतिनिधी असतो त्याचा विचार केला. वाचककेंद्री समीक्षेने अर्थनिर्मितीचे कार्य वाचकाकडे सोपवले. या तिन्ही दृष्टींनी मराठी समीक्षेला पुष्कळ काही दिले आहे. परंतु तिन्हींत 'कृती' हेच विचाराचे एकक राहिले आणि 'क्रिया' म्हणून लेखनाचा विचार मागे पडला. लिहिण्याने लिहिणाऱ्याचे काय होते, हा प्रश्न एक तर मानसशास्त्राकडे गेला किंवा सत्काराला उत्तर देणाऱ्या लेखकाच्या भाषणाकडे.

दररोज, नेमाने आणि प्रसिद्धीचा हेतू न ठेवता केलेल्या लेखनाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. असे लेखन 'कृती'च्या पायरीपर्यंत सहसा पोचतच नाही. ते वह्यांत राहते, पुष्कळदा लिहिणाऱ्याच्या मागे रद्दीत जाते. समीक्षेला ते दिसत नाही, आणि दिसले तर 'हौशी' या एका शब्दाने तिची सुटका होते.

हा प्रश्न मध्यवर्ती ग्रंथव्यवहारापासून दूरच्या ठिकाणाहून पाहिला तर अधिक स्वच्छ दिसतो. आरमोरी हे वैनगंगेच्या खोऱ्यातील तालुक्याचे गाव. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात मोडते. धानाची शेती, तलाव आणि बोड्या, ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणारा कोसा, सुगीनंतर रात्र-रात्र चालणारी झाडीपट्टीची नाटके हे या परिसराचे जीवन. मराठी प्रकाशनाची केंद्रे पुण्या-मुंबईत, विदर्भापुरते नागपूर. अशा ठिकाणी नेमाने लिहिणाऱ्या शिक्षकाला, ग्रामसेवकाला, परिचारिकेला किंवा शेतकऱ्याला प्रसिद्धी, मानधन, पुरस्कार, अभ्यासक्रमातील स्थान ही लेखनाची बाह्य फळे मिळण्याची शक्यता फार थोडी. ती वजा केल्यावर लिहिणाऱ्याच्या पदरात काही उरते काय, आणि उरत असेल तर त्याला समीक्षेच्या परिभाषेत काय म्हणायचे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

मराठी संस्कृतीत रोज लिहिण्याच्या दोन जुन्या वाटा आहेत, आणि त्या परस्परांच्या अगदी विरुद्ध टोकांना जातात.

पहिली वाट लिखित जपाची. वहीच्या ओळीमागून ओळीत इष्टदेवतेचे नाव लिहीत जाणे हा आजही घरोघरी आढळणारा नेम आहे. या लेखनात माहिती शून्य असते. एक पान वाचले काय आणि शंभर पाने वाचली काय, वाचणाऱ्याला नवे काही कळत नाही. किंबहुना ते वाचण्यासाठी नसतेच. त्याचे सारे फळ लिहिणाऱ्याचे. मन एका ठिकाणी आणणे, हात आणि चित्त यांची सांगड घालणे, एवढ्यासाठीच अक्षर कागदावर उमटते.

दुसरी वाट रोजकीर्दीची आणि रोजनिशीची. 'रोजनिशी' हा शब्द फार्सीतील 'रोजनविशी'पासून, म्हणजे दररोजच्या लिहिण्यापासून, आलेला आहे आणि तो मराठीत दफ्तराच्या मार्गाने स्थिरावला. 'पेशव्यांची रोजनिशी' म्हणून जे कागद छापले गेले आहेत, ते जमाखर्च, हुकूम, इनामे, निवाडे यांच्या नोंदींचे आहेत. येथे माहिती हेच सर्वस्व. लिहिणारा कारकून कोण होता, त्याला त्या दिवशी काय वाटले, याला त्या पानावर जागा नाही. फळ असलेच तर ते सरकारचे, आणि पुढे इतिहाससंशोधकाचे.

समर्थ रामदासांच्या विचारात या दोन वाटा एकमेकींजवळ येतात. दररोज थोडे तरी लिहिण्याचा उपदेश मराठी माणसाने त्यांच्या नावाशी कायमचा जोडून ठेवला आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवरच आहे. त्यात अक्षराचे वळण, ओळींचा सारखेपणा, शाई, कागद, लेखणीची कापणी यांचा बारकाईने विचार येतो. प्रतिभेचा किंवा प्रेरणेचा प्रश्न तेथे नाही. पहिल्या पानावरचे अक्षर जसे तसेच अखेरच्या पानावरचे असावे, ही अपेक्षा वरवर हस्तलिखिताच्या देखणेपणाची वाटते. परंतु हजारो ओळींपर्यंत अक्षर एकसारखे ठेवणे म्हणजे तितका वेळ चित्त एकसारखे ठेवणे होय. समर्थांनी लेखनाला 'क्रिया' म्हटले, यात त्याचे फळ क्रियेतच शोधण्याची दृष्टी आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी शिक्षणाबरोबर तिसरी वाट आली, ती आत्मपरीक्षणाच्या रोजनिशीची. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांची विद्यार्थिदशेतील आणि पुढे तुरुंगवासातील रोजनिशी ही या वाटेवरची महत्त्वाची मराठी संहिता. गांधीजी आश्रमवासीयांकडून रोजनिशीचा आग्रह धरीत आणि ती स्वतः पाहत, त्यामागेही वेळेचा हिशेब आणि मनाचा हिशेब एकाच वहीत मांडण्याची कल्पना होती. 'हिशेब' हा शब्द येथे सहज येतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. नव्या आत्मपर रोजनिशीनेही जुन्या रोजकीर्दीची परिभाषा सोडलेली नाही. दैनंदिन लेखन हे अशा प्रकारे जप आणि कीर्द या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी घडते. जपातून ते नियमितता घेते, कीर्दीतून नोंद. त्याचे वैयक्तिक फळ कोणते, हे ठरवताना ही दोन्ही मुळे ध्यानात ठेवावी लागतात.

३

या फळाविषयीचे प्रचलित उत्तर 'मन मोकळे होते' असे आहे. आत्माविष्काराची रोमँटिक कल्पना आणि विसाव्या शतकातील मानसोपचाराची भाषा यांच्या मिश्रणातून ते तयार झाले आहे. त्याला काही शास्त्रीय आधारही आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी सँड्रा बील यांच्यासमवेत १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, दररोज पंधरा मिनिटे लिहायला सांगितले होते. आयुष्यातील आघाताविषयी घटना आणि भावना या दोन्ही अंगांनी लिहिणाऱ्यांना पुढील महिन्यांत आरोग्य केंद्रात कमी वेळा जावे लागले, असे त्यात आढळले. त्याच प्रयोगातील दुसरे निरीक्षण मात्र क्वचितच सांगितले जाते : लिहिल्यानंतर लगेच हे विद्यार्थी अधिक खिन्न झाले होते. मोकळे होणे हे लिहिताक्षणी मिळणारे सुख नाही, हे यावरून दिसते. शिवाय चार दिवसांचे लेखन आणि वर्षानुवर्षांचा नेम या दोन भिन्न गोष्टी आहेत. आघाताला शब्द देणे हे एका प्रसंगाचे काम; रोज लिहिणाऱ्याच्या बहुतेक दिवसांत कोणताही आघात नसतो.

मिशेल फूको यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मलेखनविषयक निबंधात या प्रश्नाला वेगळे वळण दिले. प्राचीन ग्रीक-रोमन जगात सुशिक्षित माणसे 'हुपोम्नेमाता' नावाच्या वह्या ठेवीत. त्यांत वाचलेले, ऐकलेले, विचार करताना सुचलेले असे सारे टिपलेले असे, आणि ते पुन्हा पुन्हा वाचले जाई. फूको यांचा मुद्दा असा की या वह्यांना खाजगी रोजनिशी समजणे चूक ठरेल. मनात दडलेले बाहेर काढणे हा त्यांचा हेतू नव्हता. आधीच सांगितले गेलेले गोळा करून त्यातून स्वतःला घडवणे हा होता. मार्कस ऑरेलियस या रोमन सम्राटाने स्वतःला उद्देशून ग्रीकमध्ये केलेल्या टिपणांकडे या दृष्टीने पाहता येते. त्यांत कबुली कमी आणि स्वतःला दिलेले धडे अधिक आहेत.

विनोबांची 'विचारपोथी' या जातीची मराठी संहिता आहे. सुटे, क्रमांकित, सूत्रवजा विचार. प्रसंग नाही, दिनक्रम नाही, भावनांचा निचरा नाही. ती छापली जाण्यापूर्वी अनेकांनी हाताने उतरवून घेतली होती. म्हणजे एकाच्या आत्मशिक्षणाची वही दुसऱ्यांच्या आत्मशिक्षणाची वही झाली, आणि तीही लेखनक्रियेच्याच मार्गाने. मराठी समीक्षेने या पुस्तकाकडे गद्यशैलीचा नमुना म्हणून किंवा विनोबांच्या तत्त्वज्ञानाचे साधन म्हणून पाहिले आहे. आत्मघडणीची क्रिया म्हणून तिचा विचार व्हायला हवा.

रोलां बार्त यांनी १९७९ सालच्या एका निबंधात अगदी उलट बाजूने शंका घेतली होती. रोजनिशी लिहावी काय, आणि ती छापण्याच्या हेतूने लिहावी काय, असा प्रश्न त्यांनी स्वतःच्या काही पानांना लावून पाहिला. लिहिताना जे पान बरे वाटते तेच नंतर वाचताना पोकळ वाटते, या अनुभवातून रोजनिशीला साहित्यकृतीची अपरिहार्यता नसते असे त्यांच्या ध्यानात आले. बार्त यांची शंका सार्थ आहे. परंतु ती कृतीविषयीची शंका आहे. पान पोकळ निघाले तरी ते लिहिण्यात काही घडले असू शकते. ते काय, याचे उत्तर फूको यांच्या विवेचनातूनही अर्धेच मिळते. हुपोम्नेमाता मुख्यतः वाचलेल्या आणि ऐकलेल्या शब्दांच्या वह्या होत्या. ज्याच्या भोवती ग्रंथालय नसून रान आहे, धानाची बांधी आहे, त्याच्या वहीत काय येते?

४

या प्रश्नाचे मराठीतील सर्वांत समृद्ध उत्तर मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनात आहे. सोलापुरात जन्मलेला, कोइमतूरच्या वन महाविद्यालयात शिकलेला हा अधिकारी विदर्भाच्या जंगलांत दीर्घ काळ राहिला. त्यातला महत्त्वाचा काळ नवेगाव बांध येथे गेला. नवेगाव आज गोंदिया जिल्ह्यात असले तरी आरमोरी, वडसा, अर्जुनी-मोरगाव, नवेगाव हा सारा झाडीचाच सलग पट्टा आहे : तेच तलाव, तेच धान, तीच बोली.

वनखात्याच्या चाकरीत दौऱ्याची दैनंदिनी ठेवणे हे कर्तव्य असते. किती अंतर चालले, कोणता कक्ष तपासला, कोठे तोड झाली, कोठे वणवा लागला, याची ती नोंद. ही सरळसरळ कीर्दीची परंपरा. चितमपल्ली यांचे वेगळेपण असे की सरकारी दैनंदिनी जेथे थांबते तेथून त्यांच्या स्वतःच्या नोंदी सुरू झाल्या. पक्ष्याची वीण कधी सुरू झाली, कोणत्या झाडाला कोणत्या महिन्यात फुलोरा आला, एखाद्या प्राण्याविषयी गावचा वृद्ध माणूस काय म्हणाला, हे वर्षानुवर्षे टिपले गेले. 'पक्षी जाय दिगंतरा', 'जंगलाचं देणं', 'रानवाटा', 'नवेगावबांधचे दिवस' यांसारखी पुस्तके आणि 'पक्षिकोश'सारखे संदर्भकार्य या नोंदींच्या पायावर उभे आहे. 'चकवा चांदणं' हे आत्मचरित्र २००५ साली आले, म्हणजे निवृत्तीनंतर बऱ्याच काळाने. तरीही त्यातील तपशिलाचा ताजेपणा केवळ स्मरणशक्तीच्या बळावर टिकलेला नाही.

येथे महत्त्वाचा मुद्दा पुस्तकांचा नसून त्यामागील नेमाने लिहिणाऱ्यावर काय परिणाम केला, याचा आहे. या लेखनात निवेदकाचे 'मी'पण विलक्षण कमी आहे. तो चालतो, थांबतो, ऐकतो, विचारतो. माधवराव पाटलांसारखा जाणकार भेटला की निवेदक विद्यार्थी होतो. ललित निबंधाच्या मराठी परंपरेत 'मी'च्या मनःस्थितीचे रंग निसर्गावर चढवण्याची जी रीत रूढ झाली, ती येथे जवळजवळ नाही. रोज लिहिल्याने 'स्व'चा विस्तार होतो, हा प्रचलित समज या उदाहरणात उलटा ठरतो. रोज लिहिल्याने 'स्व' मागे सरतो आणि समोरची वस्तू पुढे येते.

याचे कारण लेखनक्रियेच्या रचनेत आहे. रात्री लिहायचे आहे हे ज्याला ठाऊक असते तो दिवसा निराळ्या रीतीने पाहतो. 'आज पक्षी दिसले' एवढी नोंद दुसऱ्या दिवशी लिहिता येते, तिसऱ्या दिवशी हात अडतो. कोणते पक्षी, किती, कोठे, काय करीत होते, हे प्रश्न लेखणी विचारू लागते आणि चौथ्या दिवशी डोळा ते प्रश्न बरोबर घेऊन बाहेर पडतो. लेखन हे अनुभवाच्या मागून येते ही समजूत दैनंदिन लेखनाच्या बाबतीत अपुरी पडते. उद्याचा अनुभव कसा घडेल हे काही अंशी आजच्या पानावर ठरते. दैनंदिन लेखनाचे पहिले आणि मुख्य वैयक्तिक फळ ते हेच. त्याला 'अवधान' म्हणता येईल. लिखित जपातील एकाग्रता आणि कीर्दीतील वस्तुनिष्ठता यांचा हा संयोग आहे.

अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरो याने ऑक्टोबर १८३७ मध्ये सुरू केलेली टिपणवही १८६१ पर्यंत, जवळजवळ मृत्यूपर्यंत, चालवली. प्रारंभीच्या वह्यांत चिंतन अधिक आहे, उत्तरकाळात फुलोऱ्याच्या तारखा, पाण्याची पातळी, बियांचा प्रसार यांच्या नोंदी वाढत जातात. काही समीक्षकांना यात कवीचा ऱ्हास दिसला. अवधानाच्या दृष्टीने पाहिले तर तोच विकास ठरतो. 'वॉल्डन' १८५४ साली प्रसिद्ध झाले, ती वह्यांतून निघालेली कृती. परंतु वह्या त्यानंतरही थांबल्या नाहीत, कारण त्यांचे प्रयोजन कृतीत संपणारे नव्हते.

५

अवधानाबरोबर दुसरा प्रश्न येतो तो भाषेचा, आणि आरमोरीच्या संदर्भात तो अधिक गंभीर आहे. लक्षपूर्वक पाहिलेल्या वस्तूला नाव लागते. चितमपल्ली यांच्या लेखनात झाडे, पाखरे, पाणथळी यांची स्थानिक नावे मोठ्या प्रमाणात आली. जेथे मराठीत शब्द नव्हता तेथे त्यांनी तो योजला. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' आणि पाणपक्ष्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार' हे शब्द त्यांच्यामुळे परिचित झाले. हे शब्द संस्कृत वळणाचे आहेत. त्यांच्या शेजारीच गोंड, ढिवर, कोहळी यांच्या तोंडचे शब्द येतात. नोंद रोज करावी लागत असल्यामुळे आयत्या साहित्यिक शब्दांचा साठा लवकर संपतो आणि लिहिणाऱ्याला भोवतालच्या माणसांकडे शब्द मागावे लागतात. हे दैनंदिन लेखनाचे दुसरे फळ.

परंतु चितमपल्ली बाहेरून आलेले होते. झाडीचा शब्द त्यांच्या वहीत पाहुणा म्हणून सन्मानाने आला. झाडीतच जन्मलेल्या लिहिणाऱ्याची स्थिती वेगळी आहे. झाडीबोलीत 'ळ'च्या जागी 'र' येतो, 'ण'च्या जागी 'न' : डोळ्याचा 'डोरा' होतो, पाण्याचे 'पानी'. शाळेच्या वहीत ही रूपे लाल शाईने खोडली जातात. दहा-पंधरा वर्षांच्या शिक्षणातून विद्यार्थ्याच्या मनात असे ठसते की लिहिणे म्हणजे घरची भाषा दुरुस्त करणे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा अभ्यास केला आणि तिच्या साहित्याची चळवळ उभी केली. त्यामुळे ही बोली मराठीचा अशुद्ध अवतार नसून तिला स्वतःची व्यवस्था आहे, हे अभ्यासकांना मान्य झाले. वर्गातली लाल शाई मात्र तेवढ्याने सुकत नाही.

अशा लिहिणाऱ्याची खाजगी वही ही त्याच्या आयुष्यातील कदाचित एकमेव लिखित जागा असते, जेथे परीक्षक नाही. अर्ज, उत्तरपत्रिका, अहवाल, वर्तमानपत्राला पाठवलेले पत्र, स्पर्धेला पाठवलेली कविता, सर्वत्र कोणाचे तरी डोळे शब्दावर असतात. वहीवर नसतात. तेथे 'पऱ्हे', 'रोवणा', 'बांधी', 'बोडी' हे शब्द अवतरणचिन्हांशिवाय येऊ शकतात. शेवटच्या चार शब्दांच्या प्रमाण पर्यायांचा विचार केला तर प्रश्नाचे स्वरूप कळते. 'रोप', 'लावणी', 'शेत', 'तळे' असे लिहिता येईल. पण बांधी हे केवळ शेत नाही, धानासाठी बांध घालून पाणी अडवलेला तो तुकडा आहे, आणि बोडी तलावाएवढी मोठी नसते. प्रमाण शब्दाबरोबर वस्तूची रेखीवता जाते, आणि रेखीवता गेली की अवधानही सैल होते. पहिले फळ आणि दुसरे फळ येथे एकमेकांना बांधलेले आहेत.

तथापि परीक्षक वहीवर नसला तरी लिहिणाऱ्याच्या मनात असू शकतो. रोज लिहूनही प्रमाणभाषेतील ठरीव वाक्येच गिरवली जाणे शक्य आहे, आणि पुष्कळदा तसेच होते. सूर्योदय 'रम्य' असतो, निसर्ग 'मुक्तहस्ते' उधळण करतो, आयुष्य 'ऊनसावली' होते. या वह्या वाचताना प्रश्न पडतो तो भाषाशुद्धीचा नाही. लिहिणाऱ्याने स्वतःशी बोलतानाही उसनी भाषा का वापरावी, हा आहे. बा. सी. मर्ढेकरांनी लेखकाच्या आत्मनिष्ठेचा विचार मांडला तो साहित्यकृतीच्या संदर्भात, अनुभवाशी प्रामाणिक राहण्याच्या अर्थाने. जो लेखक म्हणवतही नाही अशा माणसाला ही कसोटी अधिक लागू पडते, कारण त्याच्या वहीत अप्रामाणिक राहण्याचे बाहेरचे कोणतेही कारण उरलेले नसते.

६

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप सवयीचा. सवय संवेदना बोथट करते. रोज लिहिणारा माणूस लवकरच लिहिण्यासाठी लिहू लागतो. भालचंद्र नेमाडे यांनी 'हल्ली लेखकाचा लेखकराव होतो तो का?' या लेखात मराठी लेखकाच्या प्रतिष्ठित संस्थेत होणाऱ्या रूपांतरावर जो प्रहार केला, तो येथे आठवणे साहजिक आहे. मात्र लेखकराव लेखनाच्या सवयीतून निर्माण होत नाही. तो लेखकपणाच्या सवयीतून निर्माण होतो. त्याच्या लेखनाला सतत ग्राहक असतो, व्यासपीठ असते. वहीला व्यासपीठ नसल्यामुळे हा रोग तिला सहसा जडत नाही. तिचा धोका वेगळा, यांत्रिकतेचा. त्यावर लिखित जपाकडे उत्तर नाही, पण नोंदीकडे आहे : दिवस बदलतो, ऋतू बदलतो, आणि वही वस्तूशी बांधलेली असेल तर तीही बदलते.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. रोज लिहायला वेळ, उजेड, एकांत आणि अक्षरओळख लागते. रोवण्याच्या दिवसांत सकाळपासून चिखलात वाकलेल्या स्त्रीला दैनंदिन लेखनाचे फळ सांगणे ही थट्टा ठरेल. हा आक्षेप मान्य करूनच पुढे जावे लागते. तथापि लेखन हे शब्दरचनेच्या नेमाचे एक रूप आहे, एकमेव नव्हे. जात्यावरच्या ओव्या पहाटेच्या कामाबरोबर रोज रचल्या आणि गाइल्या गेल्या. रोवणीची गाणी बांधीत उमटली. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते, त्यांची गाणी सोपानदेवांनी आणि आप्तांनी उतरवून घेतली म्हणून उरली. या रचनांमध्येही भोवतालच्या वस्तूंवरचे बारीक लक्ष आणि घरची भाषा हीच दोन फळे दिसतात. म्हणजे दैनंदिन लेखनाचा लाभ लिपीपेक्षा जुना आहे. गिरणी आली, जाते थांबले, त्याबरोबर स्त्रीच्या हातचा एक रोजचा रचनावकाश गेला. त्याची जागा साक्षरतेने भरून काढली काय, हा प्रश्न साक्षरतेच्या आकडेवारीत विचारला जात नाही. तो साहित्याच्या अभ्यासकांनी विचारायचा आहे.

तिसरा आक्षेप असा की, फळ जर लिहिणाऱ्यापुरतेच असेल तर त्याच्याशी समीक्षेचा संबंध काय? विनोबांच्या पूर्वायुष्यातील एक प्रसंग येथे उपयोगी पडतो. तरुणपणी ते कविता रचीत, तीवर कष्ट घेत, मनासारखी उतरली की अग्नीला अर्पण करीत. काशीत असताना त्यांनी कविता गंगेत सोडल्या. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडाल्याची कथा मराठी मनाला अन्यायाची कथा म्हणून ठाऊक आहे. विनोबांनी स्वेच्छेने तेच केले, आणि त्यात त्यांना अन्याय वाटला नाही, कारण रचनेचे जे फळ घ्यायचे ते घेऊन झाले होते. समीक्षेला येथे वाचायला काहीच उरत नाही, हे खरे. परंतु याच माणसाने पुढे ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत 'गीताई' रचली. नष्ट झालेल्या कवितांमधून कमावलेला शब्दाचा कान 'गीताई'त कामी आला नसेल, असे म्हणणे कठीण आहे. वैयक्तिक फळ वैयक्तिकच राहते असे नाही. ते कधी त्याच माणसाच्या कृतीत, कधी दुसऱ्याच्या वहीत, कधी एखाद्या समाजाच्या भाषेत उतरते. त्या वाटा शोधणे हे समीक्षेचे काम आहे.

७

यातून समीक्षेपुढे येणारी कर्तव्ये स्पष्ट आहेत. नेमाने लिहिलेल्या वह्यांना अपयशी साहित्य मानून त्यांचे गुणांकन करणे थांबवले पाहिजे. त्याचप्रमाणे ग्रामीण किंवा दुर्गम भागातील आहे म्हणून अशा लेखनाचे कौतुक करणे, त्यातल्या कवितांना प्रस्तावना लिहून ती छापण्याची घाई करणे, हेही त्या क्रियेचा अपमान करणारे आहे. छापण्याच्या शक्यतेबरोबर वहीत परीक्षक शिरतो, आणि वर वर्णिलेली दोन्ही फळे धोक्यात येतात.

अशा वह्यांना विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. पहिल्या वर्षाच्या आणि दहाव्या वर्षाच्या नोंदींत वस्तूंची नावे वाढली काय? 'सुंदर' आणि 'छान' यांच्या जागी काय आले? बोलीतील रूपे कोणत्या विषयांबाबत प्रथम येतात, आणि कोणत्या विषयांबाबत लिहिणारा अखेरपर्यंत प्रमाणभाषेच्या आड राहतो? 'मी' हा शब्द कमी होत गेला की वाढला? २०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यापासून या परिसरातील मराठीच्या विद्यार्थ्याला संशोधनासाठी नागपूरच्या तोंडाकडे पाहण्याची गरज उरलेली नाही. झाडीपट्टीच्या नाटकांवर, बोलीच्या शब्दसंपत्तीवर अभ्यास होत आहेत. त्यांच्या शेजारी घराघरांतील वह्यांचा अभ्यास, अर्थातच लिहिणाऱ्याच्या संमतीने आणि त्याचे नाव राखून, उभा राहू शकतो. त्यात मराठीच्या एका बोलीचा असा साठा सापडेल, जो मुलाखतीच्या ध्वनिफितीत येत नाही, कारण तो कोणाला ऐकवण्यासाठी नव्हता.

आरमोरीच्या परिसरातील ढिवर कुटुंबे कोशाच्या अळ्या झाडांवर सोडतात, तेव्हा कित्येक आठवडे पाखरांपासून आणि मुंग्यांपासून त्यांची राखण करावी लागते. त्या काळात झाडावर दाखवण्यासारखे फारसे काही नसते. परंतु राखण करणाऱ्याला झाडाची फांदी न् फांदी आणि पाखराचा आवाज न् आवाज ओळखता येऊ लागतो, आणि पीक बुडाले तरी ही ओळख त्याच्याकडे राहते. कोसा बाजारात किती भावाने जातो याची नोंद ठेवणारे पुष्कळ आहेत. राखणीत मिळवलेली ओळख कोणत्या शब्दांत सांगितली जाते आणि ते शब्द कोणाच्या वहीत उतरले आहेत, याची नोंद अजून व्हायची आहे.